मुद्दा पासष्टावा

चौसष्ट मुद्द्यांपैकी त्रेसष्ट मुद्द्यांत गोकुळ पास झाला होता. नापास झाला तो एकाच मुद्द्यात, आणि तो मुद्दा म्हणजे बोलणं.

तपासणीसाठी जिल्ह्याहून आलेल्या भगवानराव साहेबांनी जांभळखेडच्या त्या एकुलत्या एका मेडिकलात दीड तास घालवला. फ्रिजमधला थर्मामीटर एकदा चष्मा लावून पाहिला, एकदा चष्मा काढून पाहिला. मुदत संपलेल्या औषधांचा डबा वेगळा आहे का, त्याला कुलूप आहे का आणि कुलपाला किल्ली आहे का, तेही पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. मग शेवटचा अर्धा तास साहेब कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसते बघत राहिले. त्या अर्ध्या तासात नऊ गिऱ्हाइकं आली आणि गोकुळनं आठ जणांना तेवढंच सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर." नवव्या म्हातारीला तर तेही नाही. तिला त्यानं दोन बोटं दाखवली आणि हात तोंडाकडे नेला. तिला कळलं, पण साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी यादीवर लिहिलं, "रुग्णाशी संवाद : आढळून आला नाही."

आता गोकुळचं बोलणं म्हणजे गावातली जुनी हापशी. पंधरा वेळा दांडा हलवावा तेव्हा कुठं चूळभर पाणी येणार. लग्नासाठी मुलगी पाहायला गेला तेव्हा दोन तासांत हा गृहस्थ एकदाच बोलला होता, आणि तेही 'चहात साखर नाही' एवढंच. तरीही प्रेरणानं होकार दिला, कारण तिच्याजवळ दोघांना पुरून उरेल इतकं बोलणं होतं.

निघताना साहेबांनी समज दिली. व्यावसायिक मानकांप्रमाणे प्रत्येक रुग्णाचं समुपदेशन झालंच पाहिजे. त्यासाठी स्वतंत्र जागा हवी, आडोसा हवा, गोपनीयता हवी आणि माणशी किमान तीन मिनिटं हवीत. हा मुद्दा सक्तीचा आहे. महिन्याभरानं आपण परत येऊ, आणि तेव्हाही हेच दिसलं तर दुकान पंधरा दिवस बंद.

पंधरा दिवस बंद म्हटल्यावर गोकुळची नजर फ्रिजकडे गेली. धंद्याचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती सत्यभामाबाई. सत्तरीची एकटी बाई, घरात फ्रिज नाही, म्हणून तिचं इन्शुलिन गोकुळच्या फ्रिजमध्ये तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेलं असे. रोज सकाळी सात वाजता ती यायची, गोकुळ शटर अर्धं उचलायचा आणि सुई भरून द्यायचा. दुकानाला कुलूप लागलं तर या बाईनं रोज अकरा किलोमीटरवर मोताळ्याला जायचं की काय? हे सगळं गोकुळनं त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं, म्हणजे फ्रिजकडे बघून एक उसासा टाकला. प्रेरणाला बरोबर समजलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात समुपदेशन कक्ष तयार झाला. कक्ष म्हणजे दोन खुर्च्या, एक भिंतीवरचं घड्याळ आणि आडोशाला प्रेरणाची साडी. नणदेनं आहेरात दिलेली ती जांभळी, पोपटांची साडी नेसायची कशी हा प्रश्न प्रेरणाला तीन वर्षं पडला होता. तो असा एका दुपारीत सुटला.

पहिला मान मिळाला झुंबरबाईला. ती आली होती गुडघ्याच्या गोळ्या न्यायला. प्रेरणानं तिला धरून पडद्याआड बसवलं. गोकुळनं "सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर" म्हणून घड्याळाकडे पाहिलं, तर अवघे पाच सेकंद झाले होते. दोन मिनिटं पंचावन्न सेकंद शिल्लक. आता करायचं काय? रिकामं बसणं त्याच्या स्वभावात नाही, म्हणून त्यानं नव्या मालाचं खोकं मांडीवर ओढलं आणि गोळ्यांची पाकिटं मोजायला घेतली. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कारण गोकुळला लहानपणापासून एक सवय होती. तो बोटांनी मोजायचा आणि मानेनं आकडा धरायचा. एक पाकीट, एक मान. दुसरं पाकीट, दुसरी मान.

झुंबरबाई आधी गुडघ्यावर बोलली. मग समोरचा माणूस मान हलवतोय, ऐकून घेतोय, हे पाहून ती गुडघ्यावरून घरात आली आणि घरातून थेट गोठ्यात गेली. नवरा कडूबा चोवीस तास म्हशीजवळ बसतो. तिच्याशी बोलतो, तिची शिंगं तेलानं चोपडतो, तिला हाक मारताना आवाज मऊ करतो. आपलं नाव त्यानं शेवटचं कधी घेतलं ते आपल्याला आठवत नाही. हे सांगता सांगता म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग मी विकून टाकू का त्या म्हशीले?" तिनं विचारलं.

गोकुळ अडतिसाव्या पाकिटावर होता. मान हलली. एकोणचाळिसावर पुन्हा हलली. चाळिसावर तर चांगली जोरात हलली, कारण तिथं खोकं पूर्ण झालं होतं.

झुंबरबाई पडद्याबाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. बाकड्यावर बसलेल्या बायांना तिनं सांगितलं की आजवर आपलं एवढं ऐकून घेणारा माणूस या गावात भेटला नव्हता. ना मधे बोलला, ना शहाणपण शिकवलं. शिवाय सल्ला दिला तो एकदम पक्का. दोन दिवसांनी म्हैस मोताळ्याच्या बाजारात गेली आणि तिकडंच राहिली.

मग काय विचारता! आठ दिवसांत मेडिकलसमोर अशी रांग लागायला लागली की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, रॉकेल आलंय. दुखणं कोणालाच नव्हतं. बामची एक डबी घेतली की पडद्याआड बसायला मिळतं, एवढं गावाला कळलं होतं. राजकुमार नावाच्या पोरानं ग्रामपंचायतीला उभं राहू का म्हणून विचारलं, आणि मान हलली. त्याच्याच सख्ख्या चुलत्यानं त्याच वॉर्डात उभं राहू का म्हणून विचारलं, तिथंही हलली. सासवांना वेगळी चूल मांडायला संमती मिळाली आणि त्यांच्या सुनांना माहेरी जायला. गोकुळला यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. आकडा चुकू नये म्हणून तो मोजताना कान बंद ठेवायचा. आपलं समुपदेशन इतकं चालतंय याचं त्याला मात्र मनातून समाधान वाटत होतं, आणि दुकानातला सगळा माल चार चारदा मोजून झाला होता.

पंचविसाव्या दिवशी कडूबा आला. रिकाम्या गोठ्याकडे पाहून पाहून त्याचं जेवण सुटलं होतं. या घरात आपला जीव रमत नाही, आपण शेतातल्या खोपीत राहायला जावं का, एवढंच त्यानं विचारलं. गोकुळ तेव्हा खोकल्याच्या बाटल्या मोजत होता. संध्याकाळी कडूबा डोक्यावर बाज घेऊन शेताकडे जाताना साऱ्या गावानं पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई तणतणत दुकानात आली. नशिबानं काउंटरवर प्रेरणा होती.

"काऊन वं प्रेरणा, तुह्या नवऱ्यानं माह्या म्हताऱ्याले घरातून काहाडलं! म्हैस विक म्हणून मले यानंच सांगतलं, अन् शेतात जा म्हणून त्यालेही यानंच सांगतलं!"

"मावशी, ते कोणाले काही सांगत नाहीत. मलेच सांगत नाहीत," प्रेरणा म्हणाली.

"बोलला नाई. पण मान हलवली. माह्या डोळ्यानं पाह्यली."

त्या दुपारी प्रेरणा पडद्याच्या फटीतून बघत उभी राहिली. दोनच गिऱ्हाइकांत तिला सगळा प्रकार कळला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. रात्री तिनं नवऱ्याला समोर बसवून म्हैस, बाज, राजकुमार, चुलता, असं एकेक करून सगळं ऐकवलं. गोकुळचा चेहरा पांढराफटक पडला. महिना संपायला तीन दिवस उरले होते. साहेब येणार, रांग दिसणार, रांगेतले लोक तक्रारी सांगणार आणि दुकान पंधरा दिवस नाही, कायमचं बंद होणार. सत्यभामाबाईचं काय, एवढंच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. एका दमात इतकं बोललेला नवरा प्रेरणानं प्रथमच पाहिला, त्यामुळे तिलाही गलबलून आलं.

गोकुळनं मान न हलवता मोजून पाहिलं. सातच्या पुढे आकडाच लागेना. न मोजता बसून पाहिलं, तर हात रिकामे राहिले की भिंतीवरच्या फरशा मोजायला लागायचा. शेवटी प्रेरणाची नजर दुकानातल्याच एका खिळ्याकडे गेली. तिथं दोन वर्षांपासून मानेचा एक पट्टा लटकत होता, मणक्याच्या दुखण्यावाल्यांचा, जाड फोमचा. तिनं त्यावरची धूळ झटकली आणि तो गोकुळच्या गळ्यात करकचून आवळला. मान जी सरळ झाली ती खांबासारखी. वर नाही, खाली नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

"आता कोणी जीव देऊ का म्हणलं तरी हलणार नाही," प्रेरणा म्हणाली.

गुरुवारी साडेदहाला साहेबांची जीप आली. रांगेत बावीस माणसं होती. सगळ्यात पुढे झुंबरबाई होती, आणि आज ती साहेबांच्या कानावर सगळं घालणार होती. तिच्यापासून सहा माणसं सोडून कडूबा उभा होता. शेतातून खास त्याच कामासाठी आला होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. साहेबांना मात्र ती रांग पाहून धक्काच बसला. तीस वर्षांच्या नोकरीत समुपदेशनासाठी रांग त्यांनी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर समुपदेशनच पाहिलं नव्हतं.

"यांच्या मानेला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"दुखते त्यांची," प्रेरणा घाईनं म्हणाली.

"दुखत नाई साहेब, हलते," रांगेतून कडूबा बोलला.

साहेबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांना यादी पूर्ण करायची होती. नियमात असं होतं की समुपदेशनाची पडताळणी अधिकाऱ्यानं स्वतः करावी. म्हणून ते पडद्याआड जाऊन रुग्णाच्या खुर्चीत बसले, मांडीवर यादी ठेवली आणि म्हणाले, "मला पेशंट समजा. सुरू करा."

गोकुळनं नेहमीचे शब्द उच्चारले. पाच सेकंद संपले. सवयीनं त्याचा हात खोक्याकडे गेला, पण मान खाली जाईना. खाली बघता येत नाही म्हणून खोकं दिसेना, आणि डावी-उजवीकडच्या फरशाही दिसेनात. समोर दिसत होते फक्त भगवानराव साहेब. तेव्हा तो बिचारा त्यांच्याकडेच बघत राहिला.

एक मिनिट गेलं. साहेब चुळबुळले. तपासणीला गेलं की लोक कागदाकडे बघतात, फ्रिजकडे बघतात, साहेबांच्या पेनाकडे बघतात. साहेबांच्या डोळ्यांत असं सरळ कोणी बघत नाही. गोकुळची नजर तर पापणीही न हलवता तिथंच रोखलेली.

"शुगर आहे मला थोडी," साहेब म्हणाले. "जेवणाची आबाळ होते. घरी कोणी नसतं." मग लगेच सावरून म्हणाले, "म्हणजे मंडळी आहेत, पण खामगावला असतात. माहेरी."

गोकुळ बघत राहिला.

साहेब मूळचे खामगावकडचेच. त्यांची साहेबी भाषा दीड मिनिट टिकली, नंतर गळून पडली. "चूक माहीच आहे. नोकरीत तपासणी करता करता मी घरातही तपासणी कराले लागलो. तिखटाच्या डब्यावर तारीख काऊन नाही, लोणच्याची बरणी उन्हात काऊन, असं रोज. एक दिवस मी तिले स्वयंपाकघराची यादी करून देली. चाळीस मुद्द्यांची. चार महिने झाले, ते यादी फ्रिजवर चिटकवेल आहे अन् ते गेली. आता मीच डबे उघडतो, मीच तारखा टाकतो. कोणाले दाखवू? सांगा तुम्ही, जाऊ का आणाले?"

गोकुळ तसाच. बाहेर बावीस माणसं पडद्याकडे कान लावून उभी होती. त्या पोपटांच्या साडीनं काहीच अडत नव्हतं, ना आवाज ना उसासा. अखेर झुंबरबाईच्यानं राहवेना.

"जा हो साहेब, घेऊन या तिले," ती बाहेरूनच म्हणाली. "माणूस घरातून गेलं का घर खायले उठते. मले इचारा."

सहा माणसांपलीकडे कडूबानं खांद्यावरचं उपरणं डोळ्यांना लावलं आणि तो रांगेतून निघून गेला. शेताच्या वाटेला लागला. दुपारी तो बाज घेऊन परत घरी आला, पण ते नंतरचं.

पडद्याआड साहेब भानावर आले. त्यांनी चष्मा पुसला, यादी उचलली, आणि नेमका समोर आला समुपदेशनाच्या मुद्दा क्रमांक एकोणसाठचा पोटमुद्दा : 'समुपदेशनाची गोपनीयता राखली जाते काय? नसल्यास, बाहेर नेमके काय ऐकू आले ते सविस्तर नमूद करावे.' साहेबांच्या कपाळावर घाम आला. गोपनीयता नाही असं लिहावं तर काय ऐकू आलं ते लिहावं लागणार. काय ऐकू आलं ते लिहावं तर ते ऑफिसातल्या पाच टेबलांवरून फिरणार. साहेबांनी पेन उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, "गोपनीयता : उत्तम." मग समुपदेशनाच्या मुद्द्यापुढे लिहिलं, "अत्युत्कृष्ट."

दुकान वाचलं. सत्यभामाबाईचं इन्शुलिन जागच्या जागी राहिलं. प्रेरणानं काउंटरमागं डोळे मिटून देवाला हात जोडले. तक्रार करायला आलेली झुंबरबाईसुद्धा काही बोलली नाही, कारण तिचं बोलून झालं होतं.

इथंच सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण साहेब जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून परत वळले. त्यांचं मन भरून आलं होतं आणि भरल्या मनाचा अधिकारी फार वाईट. ते गोकुळला म्हणाले की असं समुपदेशन साऱ्या जिल्ह्यानं पाहायला हवं. तुमचं दुकान आम्ही आदर्श म्हणून जाहीर करतो. दर गुरुवारी सहा-सहा औषधवाले इथं शिकायला पाठवतो. चालेल ना?

गोकुळला नाही म्हणायचं होतं. त्याच्या रोमारोमात नकार भरला होता. त्यानं जिवाच्या आकांतानं मान डावीकडे नेऊन पाहिली, उजवीकडे नेऊन पाहिली. फोम तसूभर हलला नाही. तोंडानं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण हापशीला पाणी यायला वेळ लागतोच. पहिला 'ना' ओठावर येईतो साहेबांनी 'मौन म्हणजे संमती' म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि जीप वळणावर गेली होती.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पुढच्या गुरुवारपासून खामगाव, मलकापूर, नांदुरा, जिथून तिथून औषधवाले वह्या घेऊन येऊन बसायला लागले. गोकुळ पट्टा लावून समोरच्याकडे बघत बसायचा आणि ते त्याच्याकडे बघून लिहून घ्यायचे. सल्ला आता कोणाला मिळत नव्हता, तरी रांग कमी झाली नाही. उलट वाढली. राजकुमार आणि त्याचा चुलता दोघंही पुन्हा येऊन गेले, दोघांनाही मान हललेली दिसली नाही, आणि दोघांनीही अर्ज मागे घेतला.

दीड महिन्यानं जिल्ह्याहून परिपत्रक आलं. तेव्हा संध्याकाळ होती, दुकानात शांतता होती आणि मानेला घामोळं आलं म्हणून गोकुळनं पट्टा काढून ठेवला होता. भगवानराव साहेबांची मंडळी घरी परत आल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, आणि या कागदावर सही त्यांचीच होती. त्यानं पाकीट फोडून वाचायला घेतलं. तपासणीच्या मानकांत सुधारणा केली होती. मुद्दे आता चौसष्ट नव्हते, त्यात एक वाढला होता. 'मुद्दा क्रमांक पासष्ट : समुपदेशन करतेवेळी औषधविक्रेत्याच्या मानेस पट्टा आहे काय? नसल्यास, दुकान पंधरा दिवस बंद.'

गोकुळला आधी ते खरं वाटेना. म्हणून त्यानं पहिल्यापासून सगळे मुद्दे मोजायला घेतले. एक, दोन, तीन. बोट कागदावरून सरकत होतं आणि दीड महिना कोंडलेली मान मोकळी होऊन डुलत होती.

काउंटरपलीकडे कडूबा कधी येऊन उभा राहिला ते त्याला कळलं नाही. म्हातारा इकडं तिकडं बघत, झुंबरबाई जवळपास नाही याची खात्री करून, हळू आवाजात विचारत होता.

"गोकुळभाऊ, म्हणलं विचारून घ्यावं. गोठा रिकामा पाहून लय कसंतरीच होते. एका म्हशीच्या जागी दोन आणू का मी?"

गोकुळ चौसष्टवर होता. मग तो पासष्टवर आला, आणि मान चांगली जोरात हलली.

त्यानं वर पाहिलं तेव्हा कडूबा दुकानातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागला होता.